मुक्ता : एका नावाचा अर्थ आणि त्याचे ऋण

(खानदेशातील शेतकरी व कारागीर कुटुंबांपुढे करावयाचे भाषण)



आज आम्ही तुमच्यापुढे एका लहानशा विषयावर चार शब्द बोलणार आहोत. विषय अवघ्या दोन अक्षरांचा आहे. 'मुक्ता' हे ते नाव. आपल्या आज्या-पणज्यांत मुक्ताबाई पुष्कळ होऊन गेल्या. आता शिकलेल्या मुली आपल्या लेकींना तेच नाव पुन्हा ठेवू लागल्या आहेत. मात्र त्यातले 'बाई' गळून पडले आहे व 'मुक्ता' तेवढे उरले आहे. शाळेच्या हजेरीपटावर आर्या, स्वरा, आरोही यांच्या शेजारी ते अगदी नवे म्हणून शोभते. असे नाव मनात धरणारे आईबाप विचारतात, 'याचा अर्थ काय? मोती, की आणखी काही?' त्या प्रश्नाचे उत्तर देणे हाच आजच्या बोलण्याचा हेतू आहे. उत्तर ऐकून नाव ठेवावे किंवा न ठेवावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण अर्थ न जाणता मात्र ठेवू नये. कारण हे नाव ठेवणाऱ्याच्या अंगावर ऋण चढविते.

प्रथम शब्द पाहू. संस्कृतात 'मुच्' असा धातू आहे. त्याचा अर्थ सोडणे. त्यापासून 'मुक्त' म्हणजे सोडविलेला, आणि 'मुक्ता' म्हणजे सोडविलेली. 'मुक्ती' आणि 'मोक्ष' हेही याच घराण्यातले. आपल्या रोजच्या तोंडातला 'मोकळा' हा शब्दही त्याच कुळातला. म्हणजे मुक्ता या नावाचा अर्थ समजण्यास पोथी उघडण्याचे कारण नाही. मुक्ता म्हणजे मोकळी. अहिराणी बोलणाऱ्या माउलीने 'मनी आंडेर मोकयी शे' असे म्हटले, तर तिने शब्दकोशाइतकाच बरोबर अर्थ सांगितला.

दुसरा अर्थ मोत्याचा. शिंपल्यातून सुटला म्हणून मोत्यास मुक्ता म्हणतात, अशी व्युत्पत्ती पंडित देतात. मुक्ता यावरून मौक्तिक व मौक्तिकावरून आपला मोती. तेव्हा हाही अर्थ खरा. पण दोन्ही अर्थांत अंतर आहे, ते ध्यानात घ्यावे. मोती शिंपल्यातून सुटतो खरा, पण सुटून कोठे जातो? दोऱ्यात ओवला जातो, नथीत बसतो, पेटीत कुलूपबंद होतो. त्याची किंमत मालकाला, त्याला स्वतःला नाही. सोनारदादा येथे बसले आहेत, त्यांस हे अधिक सांगणे नको. मोकळी लेक आणि पेटीतला मोती, हे दोन अर्थ एकाच नावात राहतात. नाव पाळण्यात एकदाच ठेवले जाते. त्यातला कोणता अर्थ खरा करायचा, हे मात्र ते घर पुढची वीस-पंचवीस वर्षे ठरवीत असते.

आता नाव ठेवण्याची रीत पाहू. आपल्या घरी बारशाला पाळणा बांधतात, आत्या बाळाच्या कानात 'कुर्र' करते आणि नाव सांगते. ही रीत बायकांची आहे. तिला भटजी लागत नाही, दक्षिणा लागत नाही. हे चांगलेच आहे. पण पाळण्याआधी पुष्कळ घरी पंचांग उघडले जाते व 'कोणते अक्षर आले' असे विचारले जाते. हे अक्षर येते कोठून? नक्षत्रे २७ धरतात, प्रत्येकाचे चरण ४, मिळून १०८ चरण. आणि प्रत्येक चरणास एक अक्षर बांधून दिलेले आहे. 'मू' हे अक्षर मघा नक्षत्राच्या तिसऱ्या चरणाला दिले आहे. म्हणजे तेवढ्या चरणावर जन्मली तरच पोर मुक्ता होणार! बाकीच्या १०७ चरणांवर जन्मलेल्या लेकींनी मोकळे होऊ नये काय? बरे, याच कोष्टकात आर्द्रा नक्षत्राला 'ङ' आणि उत्तराभाद्रपदेला 'ञ' अशी अक्षरे दिली आहेत. ङ अक्षराने सुरू होणारे एक तरी माणसाचे नाव तुम्ही ऐकले आहे काय? अशा वेळी जोशीबुवा दुसरे अक्षर काढून देतात. ज्या कोष्टकात अडले तर अक्षर बदलता येते, त्या कोष्टकासाठी आपल्या आवडीचे नाव सोडण्याचे कारण काय, हे आम्हांस समजत नाही.

याहून कडू गोष्ट मनुस्मृतीची. तिच्या दुसऱ्या अध्यायातील ३१ व्या श्लोकात असे सांगितले आहे की, ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बलाचे, वैश्याचे धनाचे आणि शूद्राचे नाव तिरस्कार वाटेल असे असावे. जो दिवसभर राबतो व जगाला अन्न-वस्त्र पुरवितो, त्याला हाक मारतानाही त्याचा अपमान व्हावा, अशी ही व्यवस्था. पण येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. आपल्या घरांत दगडू, धोंडू, केरू, उकिरडा, भिका अशी नावे होती, ती सगळीच या श्लोकामुळे आली असे नाही. आधीची दोन-तीन मुले दगावलेली असत, पुढच्या मुलाला कोणाची दृष्ट लागू नये म्हणून आई आपल्या लाडक्याला मुद्दाम केरू म्हणे. त्या नावामागे भीती होती, तिरस्कार नव्हता. दवाखाना आणि लस आली, मुले जगू लागली, तशी ती भीती ओसरली व ती नावेही मागे पडली.

मुलींच्या बाबतीत मात्र तिरस्काराचे नाव आपण स्वतःच ठेवीत आलो, हे नाकबूल करता येणार नाही. तिसरी-चौथी मुलगी झाली की तिला 'नकुशी' म्हणायचे. नकुशी म्हणजे नको असलेली. ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची नव्हे. २०११ सालच्या ऑक्टोबर महिन्यात सातारा जिल्ह्यात २८५ नकुशींना समारंभाने नवी नावे देण्यात आली. त्यांतील पुष्कळ मुलींनी आपली नवी नावे स्वतः निवडली. शाळेत हजेरी घेताना रोज 'नको असलेली' अशी हाक ऐकून 'हजर' म्हणावे लागणे, याचा विचार प्रत्येक बापाने एकदा करून पाहावा. नाव म्हणजे नुसती हाक नव्हे. आपण कोण, हे मुलाला घर पहिल्यांदा सांगते ते नावाने.

आता मुक्ता हे नाव धारण करून ज्यांनी त्याचा अर्थ खरा केला, अशा दोघींची ओळख करून घेऊ.

पहिली आपल्या खानदेशची दैवत झालेली संत मुक्ताबाई. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता ही चार भावंडे. परंपरेने तिचा जन्म १२७९ सालचा मानतात. जन्म ब्राह्मणाच्या घरचा, पण बापाने संन्यास घेऊन पुन्हा संसार केला म्हणून ब्राह्मणांनीच हे घर वाळीत टाकले. 'संन्याशाची पोरे' म्हणून ती हिणवली गेली. म्हणजे नाव मुक्ता आणि भोवती सगळीकडून बंदी. तरी या पोरीने काय केले? लोकांच्या बोलण्याने खिन्न होऊन ज्ञानदेव ताटी लावून आत बसले, तेव्हा धाकट्या बहिणीने दाराबाहेर उभे राहून थोरल्या भावाला समजावले व ताटी उघडविली. ते 'ताटीचे अभंग' आजही आपल्या भजनात आहेत. योगी म्हणून गाजलेल्या वृद्ध चांगदेवाने ज्ञानदेवांस पत्र पाठविले, पण मायना काय लिहावा हे न सुचल्याने कागद कोराच पाठविला. इतकी वर्षे जगून हा कोराच राहिला, असे ती मुलगी निर्भयपणे म्हणाली, आणि पुढे त्याच चांगदेवाने तिला गुरू केले, अशी कथा आहे. संतांच्या मेळ्यात तिने गोरोबा कुंभारांना त्यांच्या थापटण्याने कोणते मडके पक्के व कोणते कच्चे हे पाहण्यास सांगितले, हीही कथा तुम्हांस ठाऊक आहे. कथा कथाच आहेत. पण लोकांनी शेकडो वर्षे या पोरीविषयी कोणत्या कथा जपल्या ते पाहा. भावाचे दार उघडणारी, योग्याला खरे सांगणारी, कुंभाराच्या हत्याराला परीक्षकाचा मान देणारी. एकाही कथेत ती खाली मान घालून गप्प बसलेली नाही.

१२९७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, तापीकाठी मेहूण येथे वीज कडाडली व ती दिसेनाशी झाली, असे वारकरी मानतात. मेहूण व कोथळी येथे तिची मंदिरे आहेत. पूर्वीच्या एदलाबादला आज मुक्ताईनगर म्हणतात. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचे मंदिर आहे. दर आषाढीला मुक्ताईची पालखी येथून पंढरपूरला पायी जाते. सबब, जळगाव-धुळ्याकडे मुक्ता हे नाव कोठून शोधून आणावयाचे नाही. ते इथल्या मातीतलेच आहे.

दुसरी मुक्ता पुण्याची, मुक्ता साळवे. मांग समाजातील ही मुलगी जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी चालविलेल्या शाळांच्या परिवारात शिकली. १८५५ साली, वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षी, तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. वेद आमचे नाहीत, ते वाचण्याचा आम्हांला अधिकार नाही, तर मग आमचा धर्म कोणता, असा प्रश्न तिने त्यात विचारला. अंगावर धड छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या आपल्या जातीच्या बायकांचे हाल तिने मांडले, आणि शिका, ज्ञान हेच औषध आहे, असे आपल्या लोकांना कळकळीने सांगितले. त्या काळी मुलीने अक्षर ओळखणे हेच पाप समजले जाई. तिच्या आईबापांनी मुक्ता हे नाव ठेवताना कोणता अर्थ मनात धरला असेल तो असो. तिला शाळेत पाठविले, त्या दिवशी तो अर्थ खरा झाला.

जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांचे घरही येथे आठवते. १८८० ते १९५१ हा त्यांचा काळ. अक्षरओळख नसलेली शेतकऱ्याची बाई, पण जात्यावर व शेतात तिने रचलेली गाणी साऱ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. तिच्या मुलाचे नाव सोपान, मुक्ताईच्या भावाचे. तोच पुढे कवी सोपानदेव चौधरी झाला, आणि आईची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने बाहेर आली. 'बहिणा' म्हणजे नुसती बहीण. इतके साधे नाव, पण २०१८ पासून ते जळगावच्या विद्यापीठाच्या दारावर आहे. नाव मोठे असून भागत नाही. त्या नावाच्या माणसाला वाढण्यास जागा मिळावी लागते. बहिणाबाईंना शाळा मिळाली नाही. मिळती तर काय झाले असते, हा विचार मनात ठेवून पुढे चला.

येथे कोणी आप्पा किंवा जिभाऊ म्हणतील, 'लेकीला मोकळी ठेवली तर ती मोकाट होईल.' ही शंका आम्ही पुष्कळ ठिकाणी ऐकली आहे. तिचे उत्तर दिले पाहिजे. धुळ्याकडे पांझरेच्या काठी फडपद्धतीची बागायत आहे. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाळीपाळीने प्रत्येक फडाला पाणी. पाटकरी बारे उघडून पाणी मोकळे करतो तेव्हा ते मोकाट झाले असे कोणी म्हणतो काय? मोकळे झाले म्हणूनच ते उसाच्या मुळाशी गेले. कोंडून ठेवले असते तर ते साचून कुजले असते आणि पीकही वाळले असते. मोकाट पाणी ते, ज्याच्यासाठी कोणी पाट खणला नाही. लेकीचा पाट म्हणजे शिक्षण, हातातला हुन्नर आणि घरातला हक्क. हे तीन दिले, मग तिला मोकळे करण्याची भीती वाटणार नाही.

उलट, हे नाव कोठे कोठे पुसले जाते, ते आता पाहू. आमच्या बोलण्याचा खरा मुद्दा हाच आहे.

पहिल्यांदा ते पाळण्याच्याही आधी पुसले जाते. गर्भ मुलाचा की मुलीचा हे पाहण्यास महाराष्ट्राने १९८८ साली कायद्याने आळा घातला व १९९४ साली देशाचा कायदा झाला. तरी २०११ च्या जनगणनेत आपल्या जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतल्या दर १००० मुलांमागे मुली किती भरल्या? ८४२. सबंध राज्याचा आकडा ८९४ होता. म्हणजे ज्या जिल्ह्यात मुक्ताईचे देऊळ, त्याच जिल्ह्यात मुक्ता जन्मू न देण्यात आपण राज्याच्या पुढे! पालखीपुढे लोटांगण घालावे आणि घरच्या मुक्तेला पोटातच अडवावे, याला भक्ती म्हणावे काय?

दुसऱ्यांदा ते लग्नात पुसले जाते. ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवे नाव लिहितात. वीस वर्षे ज्या नावाने ती वाढली, शिकली, परीक्षा दिल्या, ते एका क्षणात जाते; आणि पुढे दाखल्यांवर एक नाव व शिधापत्रिकेवर दुसरे, म्हणून तीच बिचारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजविते. लग्नानंतर बायकोने नाव बदलावे असे कोणताही कायदा सांगत नाही. नवऱ्या मुलाचे नाव कोणी बदलीत नाही, तर मुक्तेचेच का?

तिसऱ्यांदा ते पुसले जाते तलाठ्याच्या दप्तरात. १९९४ साली महाराष्ट्राने व २००५ साली सबंध देशाने कायदा करून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क दिला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हाच हक्क आणखी स्पष्ट केला. पण आपल्याकडे बाप गेला, वारस लागले, की भाऊ बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवतो. तिच्यापुढे माहेर तोडायचे की जमीन सोडायची, असा पेच टाकतात, आणि ती डोळे पुसून सही करते. बंधूंनो, शब्दाची थट्टा कशी होते पाहा. मुक्ता म्हणजे बंधनातून सोडविलेली. आम्ही मात्र तिला तिच्या हक्कातून सोडवितो. बहिणीने समजून-उमजून, राजीखुषीने दिले तर ती तिची मर्जी. पण माहेरच्या चोळीबांगडीची धमकी दाखवून घेतलेली सही ही राजीखुषी नव्हे.

हे बदलता येते, आणि बदलणारे लोक आपल्याच जिल्ह्यातले आहेत. १९९० च्या सुमारास शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती' ही मोहीम काढली. शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा काही भाग आपल्या घरच्या लक्ष्मीच्या नावे स्वखुषीने करून द्यावा, अशी ती मोहीम. चोपडा तालुक्यातील विटनेर गावाने यात पुढाकार घेतला व त्या एका गावात शंभराहून अधिक बायकांच्या नावे जमीन झाली. पुढे १९९२ साली सरकारनेही परिपत्रक काढून पतीच्या सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लावण्याची सोय केली. ते शेतकरी राजे-महाराजे नव्हते. तुमच्या-आमच्यासारखेच कापूस-ज्वारी पिकविणारे होते. ज्यांनी बायकोच्या नावे जमीन केली, ते उद्या लेकीचा हक्क मान्य करतील, यात आम्हांस संशय नाही.

आता चार कामाच्या गोष्टी सांगतो. बाळ जन्मले की २१ दिवसांत ग्रामपंचायतीत वा नगरपालिकेत नोंद करावी. नाव ठरले नसेल तर बिननावाची नोंद होते; एक वर्षाच्या आत नाव फुकट घालता येते, त्यानंतर शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. तेव्हा पंचांगाच्या घोळात नोंद अडवू नये. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळेच्या दाखल्यापासून पुढे सर्वत्र जन्माचा दाखलाच पुरावा लागणार आहे. म्हणून स्पेलिंग व अक्षरे तेथेच तपासून घ्यावीत. आणखी एक आनंदाची गोष्ट अशी की, १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या सरकारी कागदांत आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम महाराष्ट्र सरकारने ठरविला आहे. म्हणजे आज जन्मलेल्या मुक्तेच्या नावाला तिच्या आईचे नाव लागूनच असेल. जिने नऊ महिने वाहिले, तिचे नाव कागदावर यायला इतकी वर्षे लागली. पण आले, हे चांगले झाले.

पाचवीच्या रात्री सटवाईने नशीब लिहावे म्हणून आपल्या बायका कोरा कागद व लेखणी ठेवतात. सकाळी कागद कोराच असतो, हे प्रत्येक आईने पाहिले आहे. त्यावर कोणी देवी लिहून जात नाही. लिहायचे ते आईबापांनी, भावाने आणि पुढे त्या मुलीने स्वतः. तेव्हा, बंधूंनो, मुक्ता हे नाव आवडत असेल तर खुशाल ठेवा. दुसरे ठेवले तरी हरकत नाही. पण ठेवलेत तर बारशाच्या दिवशी घरच्या चार माणसांसमोर तीन गोष्टी बोलून टाका : हिला हवे तितके शिकवू, हिचे नाव तांदळात पुसू देणार नाही, आणि हिचा वाटा हिच्याकडून लिहून घेणार नाही. आत्याने कानात नाव सांगावे आणि बापाने एवढे मोठ्याने सांगावे. मग त्या नावाचा अर्थ आम्हांस विचारण्यास कोणी यावयाचे कारण उरणार नाही. तो त्या मुलीकडे पाहूनच गावाला कळेल.